रिफ्रॅक्टोमीटर २१ म्हणतो, अहवाल १५.८ म्हणतो: बीटमधली साखर आणि रसाची शुद्धता नेमकी मोजायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेतातून तीन शुगरबीट (ज्याच्या कंदापासून साखर काढतात तो बीट) उपटले, दोन दिवसांनी मधोमध कापले, रस पिळला आणि हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर २१ आकडा दिसला. त्याच शेतातल्या गाडीचा कारखान्याचा अहवाल मात्र म्हणतो: साखर १५.८ टक्के, रसाची शुद्धता ८६, मिळू शकणारी साखर १३.७ टक्के. एकाच बीटचे इतके आकडे कसे, यातला खोटा कोणता, आणि पोलरीमीटर (द्रावणातली साखर ध्रुवित प्रकाशाला किती वळवते ते मोजणारं यंत्र) असलेल्या साध्या प्रयोगशाळेत हे स्वतः करून पाहायचं तर कसं?

माझं अर्धं आयुष्य बीटच्या किसात हात घालण्यात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी दिलासा: यातला एकही आकडा खोटा असायलाच हवा असं नाही. चार आकडे चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. पण सगळ्यात कच्चा आकडा कोणता विचाराल, तर तुमचा २१. दोष रिफ्रॅक्टोमीटरचा नाही, तीन कंदांचा आहे. ते पुढे येईलच.

रिफ्रॅक्टोमीटरला साखर ओळखता येत नाही. रसात विरघळलेलं जे काही आहे, म्हणजे साखर, पोटॅशियम-सोडियमचे क्षार, अमिनो आम्लं, बीटेन, पेक्टिनचे तुकडे, या सगळ्यांमुळे प्रकाश किती वाकतो एवढंच तो पाहतो आणि ‘एवढा प्रकाश वाकवायला एवढी साखर लागली असती’ असं सांगतो. त्या आकड्याला आपण ब्रिक्स म्हणतो. शिवाय हा आकडा रसाचा आहे, कंदाचा नाही. कंदात साधारण पाच टक्के न विरघळणारा चोथा असतो, त्यात साखर नसते. मग हिशोब करा: २१ ब्रिक्स, शुद्धता ८६ (म्हणजे विरघळलेल्या शंभर भागांतली साखर ८६), म्हणजे रसात साखर १८.०६. त्यातून चोथ्याचे पाच टक्के वगळले, ०.९५ ने गुणलं, की कंदावर १७.२ येतात. २१ आणि १५.८ यांत जे ५.२ चं अंतर दिसत होतं, त्यातलं ३.८ नुसत्या गणितात विरघळलं. खरी फारकत आहे ती १.४ ची. (काटेकोरपणे पाहिलं तर अजून थोडी कमी, कारण चोथ्याला धरून बसलेल्या थोड्या पाण्यातही साखर नसते, त्यामुळे गुणक ०.९५ पेक्षा जरा खाली येतो.)

हे १.४ शोधायला यंत्राकडे जाऊ नका. नमुन्याकडे जा.

बीट आडवा कापला की कांद्यासारखी वर्तुळं दिसतात. त्या वर्तुळांतल्या नलिकांच्या आसपास साखर जास्त, दोन वर्तुळांमधल्या गरात कमी. उभा कापला तर वेगळीच गोष्ट दिसते: कंदाच्या सगळ्यात रुंद भागात आणि त्याच्या थोडं खाली साखर भरगच्च, डोक्याकडे, म्हणजे पानांचे देठ फुटतात तिथे, साखर कमी आणि क्षार-अमिनो आम्लं जास्त, शेपटीकडे पुन्हा साखर उतरलेली. म्हणजे तुम्ही ‘मधोमध’ कापून रस काढलात तेव्हा कंदातला सगळ्यात गोड घास उचललात. कारखान्याने मात्र पूर्ण कंद किसला, आणि डोकं जरा उंचावर छाटलेलं असेल तर तेही त्या किसात आलं.

दुसरी गोष्ट म्हणजे शेजारी-शेजारी उगवलेले दोन कंदही सारखे नसतात. ओळीत जागा मोकळी राहिली की तिथला कंद फुगतो, पाणी आणि नत्र जास्त पितो, साखरेचं प्रमाण घसरतं. दाटीतला लहान कंद गोड निघतो. समजा एका शेतातल्या कंदांमध्ये साखरेच्या टक्केवारीचं प्रमाण विचलन (सरासरीच्या वर-खाली होणारा नेहमीचा चढउतार) एक टक्का आहे. तीन कंदांच्या सरासरीत त्यामुळे येणारी अनिश्चितता साधारण ०.६ होते, पंचवीस कंद घेतले की ती ०.२ वर येते. तीन कंदांवर कारखान्याशी भांडायला जाणं म्हणजे तीन मतं मोजून निवडणुकीचा निकाल सांगणं. त्यात आपण ‘नमुना’ म्हणून हाताला येतो तो कंद सुबक, मध्यम आकाराचा, न फाटलेला असतो. मुद्दाम कुणी करत नाही, पण हात तिकडेच जातो. म्हणून मी लोकांना सांगतो, ओळीत दहा पावलं मोजा आणि पायाशी येईल तो कंद उपटा, कुरूप असला तरी.

आणि तिसरी, जी सगळे विसरतात: ते दोन दिवस. उपटलेला बीट सुकतो. समजा १७ टक्के साखर असलेल्या कंदाने पाच टक्के वजन पाण्याच्या रूपात गमावलं. साखर तेवढीच, वजन ९५, म्हणजे टक्केवारी १७.९. कंद काही गोड झाला नाही, फक्त हलका झाला. प्रत्यक्षात तर तो श्वसनात थोडी साखर जाळतही असतो. त्यामुळे वजन आणि पृथक्करण यांची सांगड तुटली की टक्केवारीला अर्थ उरत नाही. उपटल्याबरोबर धुवा, निथळवा, वजन करा, त्याच दिवशी किसा. तेवढं जमणार नसेल तर हवाबंद पिशवीत थंड जागी ठेवा, पण गोठवू नका. अख्खा कंद हळूहळू गोठून वितळला की पेशी फुटतात, रस गळतो, जिवाणूंना मेजवानी मिळते. गोठवायचंच असेल तर कीस गोठवा: पातळ थर करून पिशवीत, उणे २० अंश किंवा त्याखाली, झटपट. आणि वितळवतानाही झटपट आणि पूर्ण वितळवा. अर्धवट वितळलेल्या किसातून आधी निघतो तो घट्ट, गोड रस. तेवढाच चमच्यात आला तर आकडा आभाळाला टेकतो.

आता कीस. प्रयोगशाळेत दातेरी करवतीवरून सगळे कंद ढकलतात. करवत प्रत्येक कंदाच्या आरपार खाचा पाडते आणि तिच्यातून उडालेला लगदा हाच नमुना असतो. तुमच्याकडे करवत नसेल तर प्रत्येक कंद उभा चिरून त्याची एक फोड, डोक्यापासून शेपटीपर्यंतची, बारीक किसणीवर किंवा ताकदवान मिक्सरमध्ये घ्या. बारीक म्हणजे खरंच बारीक, खिमट झाली पाहिजे. मग ती नीट कालवा आणि कालवल्या कालवल्या वजन करा. किसातून रस खाली उतरायला काही मिनिटं पुरतात. वरून घेतलेल्या चमच्यात चोथा जास्त, तळातून घेतलेल्यात रस जास्त.

जाडसर किसाचा एक अनुभव सांगतो. एका हंगामात आमच्याकडे दिवस पुढे सरकेल तसा साखरेचा आकडा खाली यायचा. सकाळी ठीक, संध्याकाळपर्यंत अर्धा टक्का कमी. आम्ही पोलरीमीटर तपासला, द्रावणं नव्याने केली, पाळीतल्या माणसांवर संशय घेतला (त्याची लाज अजून वाटते). शेवटी एका मुलाने संध्याकाळचा कीस बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाला, ‘यात तुकडे आहेत.’ करवतीचं पातं बोथट झालं होतं. जाड तुकड्याच्या आतली साखर पाण्यात उतरायच्या आधीच आम्ही गाळून मोकळे होत होतो. तेव्हापासून माझी साधी कसोटी ठरली: एकाच किसाचे दोन भाग घ्या, एक नेहमीइतका वेळ घुसळा, दुसरा दुप्पट वेळ. आकडा वाढला तर कीस जाड आहे.

साखर काढून घ्यायची रीत जुनी आणि फार देखणी आहे. तिला थंड पाण्यातलं डायजेशन म्हणतात, साक्स-ल डॉक्ट पद्धतीपासून चालत आलेलं. २६ ग्रॅम कीस घ्यायचा, त्यात निवळ करणारं १७७ मिलिलिटर द्रावण ओतायचं, जोरदार घुसळायचं (वेगवान मॅसरेटर, म्हणजे घुसळायचं यंत्र, असेल तर तीन मिनिटं पुरतात), गाळायचं आणि पोलरीमीटरमध्ये वाचायचं. फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरणं नाही, चोथा पिळणं नाही.

हे १७७ कुठून आलं? २६ ग्रॅम किसात पाच टक्के चोथा म्हणजे १.३ ग्रॅम, उरला २४.७ ग्रॅम रस. १८-१९ ब्रिक्सच्या रसाची घनता १.०७५ च्या आसपास, म्हणजे रसाचं आकारमान सुमारे २३ मिलिलिटर. १७७ अधिक २३, झाले २००. पद्धतीच्या पोटात चोथा पाच टक्के असल्याचं गृहीत धरलेलं आहे, हे यातून कळतं. तुमच्या बीटमध्ये रस २३ ऐवजी २२.५ मिलिलिटर निघाला तर एकूण १९९.५ होतात आणि १६ च्या आकड्यात चूक येते अवघी ०.०४. म्हणून ही पद्धत इतकी टिकली. मात्र सुकून चामट झालेल्या किंवा फार काष्ठमय कंदात हे गृहीतक ढळतं.

आणि २६ ग्रॅम? साखर मोजायच्या आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीचा तो पाया आहे. २६ ग्रॅम शुद्ध साखर १०० मिलिलिटरमध्ये, २०० मिलिमीटरच्या नळीत, २० अंश सेल्सिअसला, हे वाचन म्हणजे १००. आपला कीस २०० मिलिलिटरमध्ये आहे, म्हणजे निम्मा पातळ. म्हणून ४०० मिलिमीटरची नळी वापरली तर आकडा थेट टक्केवारीत येतो. २०० ची वापरली तर दुप्पट करावा लागतो. ‘आमच्या बीटमध्ये ८ टक्केच साखर’ अशी घाबरीघुबरी विचारणा मला दरवर्षी एकदा तरी येते. नळी मोजा, एवढंच उत्तर असतं.

तुमचा पोलरीमीटर शर्करा-श्रेणीचा नसून साध्या कोनाच्या अंशांत वाचणारा असेल तर पिवळ्या सोडियम प्रकाशात त्या १०० चे ३४.६२६ अंश होतात. म्हणजे २०० च्या नळीत वाचलेल्या कोनाला ५.७८ ने गुणा, ४०० च्या नळीत २.८९ ने. १५.८ टक्के साखरेचा बीट २०० च्या नळीत २.७४ अंश दाखवेल. इथेच सावध व्हा. कोनात ०.०५ अंशाची चूक झाली तर साखरेत ०.२९ ची होते. डोळ्याने अर्धवर्तुळं जुळवायचा कॉलेजातला जुना पोलरीमीटर शिकवायला ठीक आहे, दोन शेतांमधला अर्ध्या टक्क्याचा फरक ठरवायला नाही. ०.०१ अंशापर्यंत भरवशाने वाचणारं यंत्र, लांब नळी, यंत्र तपासायची प्रमाणित क्वार्ट्झ पट्टी आणि रोज सकाळी शुद्ध साखरेच्या द्रावणाची तपासणी, एवढं असेल तर पुढे जा.

निवळ करायला पूर्वी सर्रास लेड अ‍ॅसिटेट वापरायचे. गाळ सुंदर बसायचा, रस काचेसारखा निघायचा, आणि शिसं सांडपाण्यात जायचं. आता ०.३ टक्के अ‍ॅल्युमिनियम सल्फेट वापरतात. पोटॅशियम, सोडियम आणि अमिनो नत्रही त्याच गाळलेल्या द्रावणात मोजता येतात, हा दुसरा फायदा. गाळताना पहिला थोडा रस टाकून द्या, फनेलवर झाकण ठेवा (उघड्यावर पाणी उडतं आणि आकडा चढतो) आणि गाळल्यावर रेंगाळू नका, लगेच वाचा. द्रावण आम्लधर्मी आहे, त्यात साखर ताटकळत ठेवणं बरं नाही. द्रावण गढूळ राहिलं तर ‘चालतंय’ म्हणू नका, पुन्हा गाळा.

एक मर्यादा मात्र पोलरीमीटरच्या स्वभावातच आहे. प्रकाशाचा कोन वळवणारी साखर एकटीच नसते. साध्या, ताज्या, निरोगी बीटमध्ये बाकीच्यांचा परिणाम किरकोळ असतो. पण थंडीत साठवलेल्या बीटमध्ये रॅफिनोज (वेगळ्या जातीची साखर) वाढतं आणि ते ग्रॅमला ग्रॅम साखरेच्या पावणेदोन पटीहून जास्त उजवीकडे वळवतं. गोठून वितळलेल्या बीटमध्ये जिवाणू डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात, ते त्याहून कितीतरी जास्त. साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झाली की फ्रुक्टोज उलट डावीकडे खेचतं. सडक्या ढिगातला बीट पोलरीमीटरवर कधी फसवा चांगला दिसतो, कधी फसवा वाईट. असा माल असेल तर एन्झाइम पद्धत किंवा द्रव क्रोमॅटोग्राफी, दुसरा इलाज नाही.

आता शुद्धता. व्याख्या एका ओळीची: रसातली साखर भागिले रसातले एकूण विरघळलेले पदार्थ, गुणिले शंभर. पोल (पोलरीमीटरने मोजलेली साखर) भागिले ब्रिक्स. दिसायला सोपी, पण दोन मोजमापांचा भागाकार असल्याने दोन्हींच्या चुका तिच्यात एकत्र येतात. रसाचा पोल १७.२, ब्रिक्स २०, शुद्धता ८६. आता पोल फक्त ०.१ ने जास्त आणि ब्रिक्स ०.१ ने कमी वाचला तर ८६.९. उलट झालं तर ८५.१. दोन्ही यंत्रं आपापल्या परीने ‘बरोबर’, आणि शुद्धतेत जवळजवळ दोन अंकांचा हेलकावा. त्यात तापमान: या पट्ट्यात एका अंशाला ब्रिक्स साधारण ०.०७ ने हलतो. पाच अंशांची दुरुस्ती विसरलात तर ब्रिक्स ०.३५ ने आणि शुद्धता दीड अंकाने चुकली. म्हणून शुद्धता दशांशानंतर दोन आकड्यांपर्यंत छापलेली पाहिली की मला हसू येतं.

पण त्याहून मोठा घोळ वेगळाच आहे: शुद्धता कोणत्या रसाची? किसातून पिळलेल्या कच्च्या रसात प्रथिनं आणि पेक्टिनसारखे कलिल पदार्थ (अतिसूक्ष्म कणांच्या रूपात रसात पसरलेले) असतात. ते रिफ्रॅक्टोमीटरला दिसतात, शुद्धता खाली ओढतात, पण कारखान्यात चुना आणि कार्बन डायऑक्साइडच्या प्रक्रियेत ते निघून जाणारच असतात. ढोबळमानाने त्या प्रक्रियेत साखरेतर पदार्थांपैकी एक तृतीयांश जातात. कच्चा रस ८७ शुद्धतेचा असेल तर १०० भाग साखरेमागे १५ भाग इतर पदार्थ, त्यातले पाच गेले, दहा राहिले, शुद्धता ९१. आणि कच्च्या रसाची शुद्धता किती जोरात पिळलं यावरही बदलते. जास्त दाब, जास्त पेक्टिन. म्हणून एका प्रयोगशाळेचा ८६ आणि दुसरीचा ९१ हे एकाच बीटचे असू शकतात, आणि दोघीही आपापल्या जागी खऱ्या.

यावर १९६१ साली कॅरुथर्स आणि ओल्डफील्ड या संशोधकांनी काढलेला तोडगा मला आजही आवडतो, कारण तो कारखान्याची नक्कल छोट्या भांड्यात करतो. रस गरम करायचा, चुना घालून चांगला अल्कधर्मी करायचा, मग फॉस्फोरिक आम्ल घालून चुना कॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात खाली बसवायचा. त्या गाळाबरोबर कलिल पदार्थही बसतात. गाळून जो रस मिळतो, त्याचा पोल आणि ब्रिक्स घ्या. ही शुद्धता कारखान्यातल्या पातळ रसाच्या जवळ जाते आणि कच्च्या रसाच्या शुद्धतेपेक्षा कितीतरी स्थिर असते. तुमच्याकडे पोलरीमीटर आणि टेबलावरचा चांगला रिफ्रॅक्टोमीटर असेल तर हेच करा. हातातला रिफ्रॅक्टोमीटर इथे नको. त्याची ०.२ ची अचूकता शेतात कोणतं शेत आधी काढायचं हे ठरवायला ठीक, भागाकारात घालायला नाही.

शुद्धतेला एवढं महत्त्व का, हे मळीतून कळतं. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मळीची शुद्धता साधारण ६० असते. म्हणजे साखर न बनणारे ४० भाग जाताना स्वतःबरोबर ६० भाग साखर घेऊन जातात. एका किलोमागे दीड किलो. पातळ रसाची शुद्धता ९४ असेल तर १०० भाग साखरेमागे साखरेतर पदार्थ ६.४, त्यांनी नेलेली साखर ९.६. शुद्धता ९२ झाली की साखरेतर ८.७, नेलेली साखर १३. दोन अंक घसरले आणि शंभरातली साडेतीन किलो साखर पोत्यात न जाता मळीच्या टाकीत गेली. पोलरीमीटरवर मात्र दोन्ही बीट सारखेच.

म्हणून बीट स्वीकारणाऱ्या प्रयोगशाळा आता बहुधा शुद्धता थेट मोजतच नाहीत. त्याऐवजी मळी बनवणारे तीन गुन्हेगार मोजतात: पोटॅशियम, सोडियम आणि अल्फा-अमिनो नत्र (अमिनो आम्लांतलं नत्र). पहिले दोन ज्योत-फोटोमीटरवर, तिसरा तांब्याच्या अभिकर्मकाने आलेल्या निळ्या रंगावरून. हे सगळं त्याच अ‍ॅल्युमिनियम सल्फेटच्या द्रावणात होतं, एका नमुन्याला काही मिनिटं. मग सूत्र. आज बऱ्याच ठिकाणी चालतं ते ब्राउनश्वाइग सूत्र असं:

मळीत जाणारी साखर = ०.१२ × (पोटॅशियम + सोडियम) + ०.२४ × अमिनो नत्र + ०.४८

तिन्ही घटक १०० ग्रॅम बीटमागे मिलिमोलमध्ये. मिळू शकणारी साखर म्हणजे पोलमधून हे आणि कारखान्यातल्या इतर नुकसानीचे ०.६ वजा करून.

आकडे घालून पाहू. एक बीट: साखर १७.२, पोटॅशियम ४, सोडियम ०.५, अमिनो नत्र १.५. मळीत १.३८, हाती १५.२२. दुसरा बीट: साखर तीच १७.२, पण पोटॅशियम ६, सोडियम १.५, नत्र ३.५. मळीत २.२२, हाती १४.३८. शंभर टन बीटमागे ८४० किलो साखरेचा फरक, तोही साखरेची टक्केवारी तंतोतंत सारखी असताना. दुसरा बीट बहुतेक वेळा कुठून येतो हे जुन्या लोकांना वास घेऊन कळतं: उशिरापर्यंत नत्र दिलेल्या, काढणीवेळी पाला गर्द हिरवा असलेल्या शेतातून.

सूत्र बदललं की उत्तरही बदलतं, हे ध्यानात असू द्या. राइनेफेल्ड आणि सहकाऱ्यांचं १९७४ चं जुनं सूत्र पोटॅशियम-सोडियमला ०.३४३ ने गुणतं, नत्राला फक्त ०.०९४ ने, आणि ०.३१ वजा करतं. पहिल्या बीटला त्यातून १.३७ येतात, जवळजवळ तेच. दुसऱ्याला २.५९, म्हणजे ब्राउनश्वाइगपेक्षा ०.३७ जास्त. चांगल्या मालावर सूत्रांचं एकमत होतं, वाईट मालावर वाद होतो. नत्राचा गुणक पुढे वाढला याला कारण आहे. बीटमधलं ग्लुटामाइन गरम रसात फुटतं, आम्ल तयार होतं, रसाची अल्कधर्मिता घसरते. ती सावरायला सोडा घालावा लागतो, आणि सोड्यातलं सोडियम पुन्हा मळी वाढवतं.

सोडियमबद्दल एक पोटतिडकीची सूचना. ते सगळीकडे असतं: नळाच्या पाण्यात, घामेजलेल्या बोटांवर, स्वस्त काचेत. एका प्रयोगशाळेत सलग आठवडाभर सगळ्याच शेतांचं सोडियम वाढलेलं दिसलं, तेव्हा कुणी ‘जमिनी खारावल्या’ असा निष्कर्षही काढून बसलं होतं. निघालं काय, तर नमुन्याचे कप शेवटी नळाच्या पाण्याने विसळले जात होते. प्रत्येक तुकडीबरोबर कीस न घालता नुसत्या द्रावणाचा एक कोरा नमुना चालवा. तो वाढला की बीटला दोष देऊ नका.

निअर-इन्फ्रारेडची यंत्रं आता किसावरून सरळ साखर, चोथा आणि क्षारांचा अंदाजही सांगतात. वेगवान आहेत, पण ती शिकलेली असतात ती याच जुन्या पद्धतींच्या आकड्यांवरून. गुरू चुकला तर शिष्यही चुकणार.

जाता जाता: एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लुई विल्मोरँ या फ्रेंच बियाणे-पैदासकाराने बियाण्यासाठी कंद निवडताना आधी ते मिठाच्या पाण्यात बुडतात की तरंगतात ते पाहिलं, मग रसाचा थोडासा नमुना काढून त्यात चांदीचा तुकडा किती हलका भरतो यावरून घनता काढली. म्हणजे ब्रिक्सच, चांदीच्या तुकड्यावरचा. तेवढ्या साधनावर पिढ्यानपिढ्या निवड करून त्यांनी साखर वाढवली, कारण त्यांना कंदाकंदांची तुलना हवी होती, खरा आकडा नको होता. तुमचा हातातला रिफ्रॅक्टोमीटरही याच कामाचा आहे. त्याच कामाला लावा.

तर तुमचा अहवाल. १५.८ मधून ०.६ वजा, उरले १५.२. हाती १३.७ म्हणतात, म्हणजे मळीत १.५ धरले आहेत. ब्राउनश्वाइग सूत्र असेल तर पोटॅशियम आणि सोडियम मिळून ५ आणि नत्र १.७५ अशा जोडीने हे बरोबर जुळतं. यात काही संशयास्पद नाही, मध्यम प्रतीचा माल आहे. ८६ ही शुद्धता कच्च्या रसाची असणार. शुद्ध केलेल्या रसाची असती तर १३.७ आलेच नसते.

पुढच्या गाडीच्या वेळी असं करा. दहा-दहा पावलांनी पंचवीस कंद उपटा, धुवा, निथळवा, डोकी कारखाना छाटतो त्याच उंचीवर छाटा. प्रत्येक कंद उभा मधोमध चिरा. पंचवीस अर्धे तुमच्या किसाला, पंचवीस अर्धे हवाबंद पिशवीत कारखान्याच्या किंवा तिसऱ्या प्रयोगशाळेला, त्याच दिवशी. तुमच्या किसाचे दोन वेगळे २६-२६ ग्रॅम घ्या. त्या दोघांतच ०.१ पेक्षा जास्त फरक आला तर आधी स्वतःची किसणी तपासा. दोन प्रयोगशाळांत ०.२-०.३ चा फरक आला तर तो सोडून द्या. त्याहून मोठा आला, आणि तीन-चार वेळा त्याच दिशेने आला, तर कारखान्याला विचारा: टक्केवारी छाटलेल्या स्वच्छ कंदावर आहे की मातीसकट आलेल्या वजनावर, शुद्धता कोणत्या रसाची, आणि मळीचं सूत्र कोणतं.